निदानाचा रकाना

ज्यांच्या घरात चांगलं शहाणंसुरतं माणूस एकाएकी भलतंसलतं बोलायला लागलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहून काढा, तुमच्या डोक्यालाही बरं आणि दुसऱ्यांच्याही. दुसऱ्यांच्या डोक्याचं मला माहीत नाही. माझ्या डोक्यावर माझाच अजून पुरता भरवसा नाही, हे आधी सांगून टाकते. पुढे जे येईल त्यातलं काही मला आठवतं, काही घरच्यांनी सांगितलं, आणि एक गोष्ट अशी आहे की ती खरंच घडली की माझ्या तापाने घडवली, हे मला कळत नव्हतं. त्या एका गोष्टीपायी मी बरी होऊनही बरेच दिवस बरी झाले नव्हते.

मी वृंदा. वय शेहेचाळीस, माहेर नारायण पेठेतलं, सासर कर्वेनगरातलं. आजार म्हणाल तर टीबी, पण डोक्यातला. मेंदूच्या आवरणाला होतो तो. टीबी छातीत होतो आणि तो दुसऱ्यांना होतो, अशी आमच्याकडे समजूत असते. माझीही होती.

बेसमेंटमधलं आयटी

मोबाईलवर इनकमिंगचे पैसे पडायचे बंद झाले, त्या सुमाराची ही गोष्ट. घराआड एक पोरगं सॉफ्टवेअरमध्ये होतं. आमची मुलगी केतकीसुद्धा बंगलोरला गेली होती. मी पंधरा वर्षं एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, मग टाइपरायटर गेले आणि इन्स्टिट्यूटही गेली. कोथरूडमध्ये एका इमारतीच्या तळघरात डेटा एंट्रीची कंपनी निघाली होती, तिथे लागले. शेजारणी म्हणायच्या, "वृंदाताई आयटीत आहेत." होते खरी. वर मोटारी लावायच्या आणि खाली आम्ही.

काम परदेशातून यायचं. त्या वर्षी आलं होतं ते पहिल्या महायुद्धाचं. गोऱ्यांच्या फौजेतून लढायला गेलेल्या हिंदी शिपायांची दवाखान्यातली कार्डं. पिवळी पडलेली, शाईने लिहिलेली, त्यांचे फोटो आमच्या स्क्रीनवर यायचे. नाव, गाव, नंबर, पलटण, वय. मग निदानाचा रकाना, म्हणजे त्याला काय झालं होतं. आणि शेवटचा रकाना, तो इथून कुठे गेला. मायदेशी, दुसऱ्या दवाखान्यात, ड्यूटीवर परत, किंवा मेला.

एकच कार्ड दोन मुली वेगवेगळ्या बसून टाइप करायच्या. एकीला दुसरीचं दिसत नसे. पहिलीचं ते ए, दुसरीचं ते बी. जिथे दोघींचं जुळत नसे ते कार्ड माझ्याकडे यायचं. डावीकडे फोटो, उजवीकडे वर ए, खाली बी. बरोबर असेल ते ठेवायचं, दुसरं रिजेक्ट. दोन्ही चूक असतील तर मी स्वतः टाकायचं. माझ्यापुढे कुणी नाही. मी ठेवलं ते कायमचं. नियम एकच होता, साहेबांनी भिंतीवर लावून ठेवला होता: दिसेल ते टाका, कळेल ते नको. कार्डावर साताऱ्याचं स्पेलिंग चुकलं असेल तर चुकलेलंच टाकायचं. आपण शहाणपणा करायचा नाही.

माझ्या हाताखाली सोनाली होती, यवतमाळची, बी.कॉम. होऊन पुण्यात आलेली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मॅडम, या एवढ्या लोकांना गॅस कसा काय झाला? यांना काय डाळी खाऊ घालून राहिले होते?" निदानाच्या रकान्यात नुसतं 'गॅस' लिहिलेलं असायचं. मी तिला सांगितलं, बाई, हा पोटातला नाही. विषारी हवा सोडायचे शत्रूवर. ती हसता हसता थांबली आणि मग दिवसभर गप्प टाइप करत राहिली. असं मधूनमधून व्हायचं. थंडीने कुजलेले पाय. तोफगोळ्याने गेलेला जबडा, वय एकोणीस. डाव्या हाताला लागलेली गोळी आणि शेजारी बारीक प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह कसलं असं साहेबांना विचारलं तर म्हणाले, "घरी जायला मिळावं म्हणून स्वतःच मारून घेतली असेल, असा संशय." प्रश्नचिन्हही दिसतंय तर टाकायचं का, हे विचारायला मी परत गेले. टाकायचं.

आणि काही कार्डांवर तीन अक्षरं असायची, एन वाय डी. म्हणजे निदान अजून झालं नाही. माणूस थरथरतोय, बोलत नाही, झोपत नाही, जखम तर कुठे दिसत नाही. डॉक्टर तरी काय लिहिणार.

माझे सासरे, आप्पा, तेव्हा पंचाहत्तरीचे होते. पोस्टातून रिटायर झालेले, एरवी आमच्यासारखंच पुणेरी बोलणारे. काहीतरी मनाला लागलं की मात्र गावचं साताऱ्याकडचं बोलणं वर येतं. माझं नवीन काम ऐकलं त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "माजा बाप गेला हुता त्या लढाईला. बसऱ्याला. सखाराम नाव. कार्ड आलं तर बघशील?"

मी म्हटलं, "आप्पा, रोज किती सखाराम येतात."

"तरीबी," म्हणाले.

मोकळी हवा

डोकं दुखायला लागलं ते फेब्रुवारीत. आधी संध्याकाळी, मग दिवसभर. संध्याकाळी अंग किंचित तापायचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले आणि म्हणाले, वयाप्रमाणे होतं असं, पाळी जायचे दिवस, टेन्शन घेऊ नका, मोकळ्या हवेत फिरायला जा. मी कर्वे रस्त्यावरच्या मोकळ्या हवेत फिरायला गेले आणि स्कूटरच्या धुराने ओकून परत आले.

मग एके सकाळी कामाला बसले तर स्क्रीनवर चार ओळी. ए दोनदा, बी दोनदा. एक डोळा हाताने झाकला की दोनच उरायच्या. मी आठवडाभर एक डोळा झाकून काम केलं. आता विचाराल, कुणाला सांगितलं का नाही? मला ते विचित्र वाटलंच नाही. हे लक्षात ठेवा, फार महत्त्वाचं आहे. ज्याचं डोकं बिघडतं त्याला ते बिघडलंय हे कळायला तेच डोकं लागतं. साहेब एकदा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, अर्ध्या डोळ्याने झोपायची ही नवीन पद्धत का?" सगळे हसले. मीही हसले असं सोनाली सांगते.

कामावरच्या शेवटच्या दिवसाचं मला एवढंच आठवतं: स्क्रीनवर एक कार्ड होतं. सखाराम. निदानाच्या रकान्यात काहीतरी होतं आणि ते मला फार चुकीचं वाटलं. मी रडत होते. पुढे रिक्षा, बहुतेक सोनालीने बसवलेली. घरी येऊन मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, कार्ड आलं."

की नाही म्हटलं? कार्ड आलं होतं की नव्हतं? पुढचे कितीतरी महिने मी हाच एक प्रश्न चघळत होते. कारण ते कार्ड खरं असेल तर मी शेवटपर्यंत शुद्धीवर होते. खोटं असेल तर माझ्या हातून त्या आठवड्यात काय काय कायमचं लिहिलं गेलं, देव जाणे.

बी

माझे यजमान सुधाकर पाटबंधारे खात्यात आहेत. अबोल, सरळ, थोडे मनाला लावून घेणारे. आमचं लग्न ठरायच्या आधी मला एका बँकेतल्या मुलाचं सांगून आलं होतं आणि तिकडून नकार आला, हे त्यांना ठाऊक आहे. पंचवीस वर्षांत त्यावर ते चारदाच बोलले असतील, पण चारही वेळा मला तारखेसकट आठवतात.

आता मला सगळं दुहेरी दिसत होतं. सुधाकरही दोन. एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे. मी आजारी असल्याचं ऐकून माझी नणंद भेटायला आली होती. सगळे हॉलमध्ये बसलेले. मी डावीकडच्या सुधाकरांकडे, म्हणजे जिथे प्रत्यक्षात रिकामी खुर्ची होती तिकडे, बोट करून म्हटलं, "ए." आणि खऱ्या सुधाकरांकडे बघून म्हटलं, "हा बी. रिजेक्ट."

मला यातलं काही आठवत नाही. पण नणंदेला सगळं आठवतं आणि ती ते दर दिवाळीला सांगते. आधी तिला धक्का बसला तो 'ए'चा. "वहिनी दादाला ए म्हणाल्या, माझ्यासमोर." उभ्या जन्मात मी त्यांना अहोशिवाय हाक मारलेली नाही. सुधाकरांना मात्र टोचला तो बी. रिकाम्या खुर्चीवर कोण बसलंय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं: बँकवाला. पंचवीस वर्षांनी बायको भ्रमात खरं बोलली, असं त्यांना वाटलं. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वेळेवर गोळी द्यायचे, पाणी द्यायचे, उशी सारखी करायचे, पण तोंडातून शब्द नाही. आता यावर मी त्यांना खूप चिडवते. तेव्हा माझी मान वाळल्या लाकडासारखी ताठ झाली होती आणि ते आपलं दुःख कुरवाळत होते. रागही येतो, हसूही येतं, आणि मग एकदम वाईट वाटतं.

घरात मी तांदूळ निवडायला घेतले की दाण्यांचे दोन ढीग करायचे, एक ए आणि एक बी. दोन्हीकडे तांदूळच. कामावरून साहेबांचा फोन आला की मॅडमचं खरंच काही आहे की सुट्टी पाहिजे म्हणून चाललंय. नणंदेचंही मत होतं की हे थोडं तरी मुद्दाम आहे, कारण जेवायच्या वेळी मी नीट बोलायचे. शेवटी सुधाकरांनी मानसोपचारवाल्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा काही नाही, ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर जावं. पण त्यांची वेळ मिळत होती बारा दिवसांनी. माझ्याकडे बारा दिवस नव्हते. हे नंतर कळलं.

ताटली

पुढचं सुधाकरांनी मला सांगितलं, एकदाच, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

नणंद म्हणाली, "सोंगं आहेत सगळी. जरा दुर्लक्ष करा, आपोआप ताळ्यावर येतील."

आप्पा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, "सोंग हा शब्द या घरात पुन्हा काढायचा न्हाई."

मग ते बोलले. सुधाकरांनी पन्नाशीपर्यंत आजोबांबद्दल जे ऐकलं नव्हतं ते त्या दुपारी ऐकलं. सखाराम लढाईवरून परत आले ते धडधाकट, दोन हात दोन पाय. फक्त हात थरथरायचे आणि डोकं दुखतं म्हणायचे. चुलीवरून तवा निसटून पडला तरी जमिनीवर आडवे होऊन दोन्ही हातांनी डोकं झाकायचे. तिकडे लढाईवर दोनदा दवाखान्यात घातलं होतं आणि दोनदा पुन्हा पलटणीत धाडलं, एवढंच ते सांगायचे. गावात त्यांचं नाव पडलं सोंगाड्या. लढाईतून सुटायला सोंग घेतलं, ते आता सुटत नाही, असं लोक म्हणायचे. सख्खे भाऊही म्हणायचे.

"पोरं मागनं जाऊन ताटली वाजवायची," आप्पा म्हणाले. "म्हातारा आडवा झाला की हसायची. मी आठ वर्साचा हुतो. मीबी वाजवली."

त्यांनी पेपराची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"एकदा न्हाई. लई येळा वाजवली. मी अकरा वर्साचा आसताना गेला. कशानं गेला ते कुणी इचारलं न्हाई. सोंगाड्या मेला म्हटल्यावर कोण इचारणार." मग सुधाकरांकडे वळून त्यांनी पुन्हा आपलं पुणेरी बोलणं धरलं. "ती डोकं दुखतंय म्हणते ना? मग आधी डोकं दाखव. आत्ता. बारा दिवसांनी नाही."

सुधाकर म्हणाले, "आप्पा, पण तिच्या मनात..."

"तिच्या मनात काय आहे ते तिला नीट दिसायला लागल्यावर विचार," आप्पा म्हणाले आणि चपला घालून रिक्षा बघायला खाली गेले.

निदान

हॉस्पिटलात मला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. ते दुखतं. नाही दुखत म्हणणाऱ्यांचं काढलेलं नसतं. मला धरायला एक मावशी होत्या, त्या माझ्या कानाशी एकसारखं म्हणत होत्या, "झालं बाई, झालं बाई," आणि झालेलं काही नव्हतं. तरी बरं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून बाहेर येऊन सांगितलं, "निदान झालं." मेंदूच्या आवरणाचा टीबी. आणखी आठवडा गेला असता तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं, अशा शब्दांत सांगितलं. सुधाकर भिंतीला टेकले आणि म्हणाले, "चला, निदान निदान तरी झालं." आयुष्यात त्यांनी केलेली ही पहिली कोटी, आणि तीही न कळत. डॉक्टरीणबाई हसल्या म्हणून त्यांच्या लक्षात आली.

पहिले दहा दिवस माझ्याकडे तुकड्यांनी आहेत. सकाळी साडेपाचला दिव्याचा खटका, थर्मामीटर, पातळ चहा. सुई. राउंड. रोज डॉक्टर विचारायच्या, तुम्ही कुठे आहात? मी एकदा सांगितलं, बसऱ्याला. एकदा सांगितलं, तळघरात. मला पक्कं वाटत होतं की हा लढाईवरचा दवाखाना आहे, माझ्या पायाशी लटकवलेलं कार्ड कुणीतरी दोनदा टाइप करणार आहे आणि ते जुळणार नाही. भीती मरणाची नव्हती. भीती ही होती की शेवटच्या रकान्यात माझ्यापुढे काय लिहितील. मी मावशींचा हात धरून म्हणायचे, "मला ड्यूटीवर पाठवू नका." मावशी म्हणायच्या, "नाही पाठवत. रजा मंजूर आहे तुमची."

त्याच मावशींनी तिसऱ्या आठवड्यात माझ्या केसांचा गुंता सोडवला. एक तास लागला. कापून टाका म्हटलं तर म्हणाल्या, "कापायला कैची लागते, अक्कल नाही लागत." ते खोबरेल तेलाचे हात मला अजून आठवतात. गोळ्यांनी लघवी केशरी होते, घाबरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. डॉक्टर सांगायला विसरले होते आणि मी त्या दिवशी मेलेच अशा समजुतीने रडत बसले होते.

आणि डोळ्यावरची पट्टी. दुहेरी दिसू नये म्हणून एक डोळा झाकायचा होता. सुधाकरांनी घरी बसून काळ्या कापडाची पट्टी शिवली. त्यांनी आयुष्यात बटण लावलं नव्हतं. टाके वेडेवाकडे, नाडी एक लांब एक आखूड. त्यांनी ती माझ्या डोळ्यावर बांधली आणि समोर उभे राहिले. मी बघितलं. एकच होते. दाढी वाढलेले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

मी म्हटलं, "ए."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. तिथेच स्टुलावर बसून ते रडले, शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे नातेवाईक बघत होते तरी रडले. पुढे कधीतरी मी त्यांना कामाची ती पद्धत नीट समजावून सांगितली, पहिलीचं ते ए, दुसरीचं ते बी. ते म्हणाले, "म्हणजे बँकवाला नव्हता?" मी म्हटलं, "अहो, बँकवाल्याचं तोंडही मला आठवत नाही." हे खरं आहे. आजाराच्या आधीपासून आठवत नाही.

तरीबी

घरी आले तेव्हा उन्हाळा संपत आला होता. गोळ्या दीड वर्ष. बरं होणं हे फार कंटाळवाणं असतं, हे कुणी सांगत नाही. पिशवीला पिशवी म्हणतात, हेही आठवायचं नाही. गॅस लावून मी स्वयंपाकघरात का आले ते विसरायचे. आप्पा रोज सकाळी माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत समोर बसून राहायचे. कार्डाबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शेवटी मीच विचारलं. "आप्पा, त्या दिवशी घरी आल्यावर मी काय म्हटलं होतं?"

"कार्ड आलं म्हणालीस."

"पुढे?"

"पुढे सांगणार होतीस, तेवढ्यात उलटी झाली."

म्हणजे म्हटलं होतं. पण म्हटलं म्हणून ते होतं असं नाही. बसऱ्याला आहे असंही मी म्हटलंच होतं की. ज्या माणसाने मला वाचवलं त्याला मी तापाच्या भरात खोटी आशा लावली असेल, तर ती काढून कशी घ्यायची? आणि खरी असेल तर? पुन्हा पुन्हा तेच.

दिवाळीनंतर पायांत जोर आला तशी मी रिक्षा करून तळघरात गेले. साहेब बदलले होते. ते काम कधीच संपून रवाना झालं होतं, आता कुठल्याशा विमा कंपनीचे फॉर्म चालले होते. भिंतीवरचा नियम तसाच होता. माझ्या खुर्चीवर सोनाली बसली होती.

तिने आधी मला बसवलं, पाणी दिलं, पट्टीवरून हात फिरवला. मग मी विचारलं. तिने हातातला फॉर्म बाजूला ठेवला.

"होतं मॅडम. कार्ड होतं. तुम्ही गेल्यावर तुमचं सगळं मलाच बघायला दिलं होतं. त्या शेवटच्या आठवड्याचं एकूण एक कार्ड मी पुन्हा तपासलं. कुणाला सांगितलं नाही."

"चुका?"

"होत्या ना. केल्या मी नीट. त्याचं टेन्शन नका घेऊ."

"आणि ते सखारामचं?"

"सखाराम की तुकाराम, ते आता नाही आठवत मॅडम, खरंच. शाई पसरली होती. गावाचं तर काहीच नाही लागत होतं. एकीने एक टाकलं होतं, दुसरीने दुसरं. पण निदानाच्या रकान्यात कार्डावर एन वाय डी होतं, ते साफ दिसून राहिलं होतं. तुम्ही ते काढून स्वतः टाकलं होतं."

"काय टाकलं होतं?"

सोनालीने समोरचा कागद ओढला आणि इंग्रजी अक्षरांत, कॅपिटलमध्ये, जसं आम्ही टाइप करतो तसं लिहून दाखवलं. मला एका डोळ्याने वाचायला वेळ लागला. निदान घरी पाठवा.

रकाना निदानाचा होता, म्हणून मी निदान लिहायला घेतलं असेल. आणि शब्द हातात आल्यावर तो दुसऱ्याच अर्थाने पुढे गेला असेल. तापात काय झालं ते मला माहीत नाही. त्या माणसाला काय झालंय ते कळत नसेल तर नका कळू देऊ, पण निदान घरी तरी पाठवा, असं मी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं उशिरा, कोथरूडच्या तळघरातून, कुठल्या डॉक्टरला सांगत होते?

"मग तू?" मी म्हटलं.

"मी काढलं मॅडम. एन वाय डी टाकलं परत. दिसेल ते टाकायचं ना." तिचे डोळे भरले होते. "शेवटच्या रकान्यात ड्यूटी होतं. ते मी तसंच ठेवलं."

तिने केलं ते बरोबरच होतं. मी तिला तसं सांगितलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

घरी आले तेव्हा आप्पा गॅलरीत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. कार्ड खरं होतं. नाव सखारामही असेल, तुकारामही असेल. गाव लागलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं होतं, निदान झालेलं नाही. आणि मी त्यावर काय लिहिलं तेही सांगितलं.

आप्पांनी ते दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "पाठवला का घरी?"

हो म्हणणं फार सोपं होतं. मी म्हटलं, "नाही आप्पा. ड्यूटीवर परत."

ते खालच्या रस्त्याकडे बघू लागले. शाळा सुटली होती, मुलं सायकलींवरून आरडाओरडा करत चालली होती.

"आमचाच आसंल," ते म्हणाले. "नसला तरीबी असू दे. कुणाचा तरी हाय." मग डोळे पुसून म्हणाले, "निदान लिहिलं तरी कुणीतरी, घरी पाठवा म्हणून. तिकडं त्यांच्या कागदावर राहिलं ना ते?"

सोनालीने ते काढून टाकलं होतं. मी म्हटलं, "हो आप्पा. राहिलं."

दिसेल ते टाकायचं, हा नियम मी पूर्ण शुद्धीवर असताना मोडला तो एवढा एकदाच. आप्पांनी मान हलवली आणि माझ्या दुपारच्या गोळ्या काढायला आत गेले.